शेरडीचं खाणं

हुरड्याचे दिवस आले की लोकांना आगटीचा धूर आठवतो, तळहातावर चोळलेले गरम दाणे आठवतात, गूळ आणि दही आठवतं. मला पाला आठवतो. त्याला माझा इलाज नाही. आज सकाळी तलवाड्याच्या बाजूनं वारा सुटला, शेजारच्या रानातली ज्वारी सळसळली, आणि हौदावर बसून लेट्यूसची पानं धुता धुता मला तो हिवाळा आठवला. तसा तो विसरावा इतका जुना नाहीच. पण ज्वारी निसवली की दरवर्षी नव्यानं आठवतो, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत असते.

थंडीत पाण्यात हात घालून पानं धुणं हे काही सुखाचं काम नाही. बोटं बधिर होतात. पण लेट्यूसचं प्रत्येक पान सुटं करून धुवावं लागतं, कारण देठाच्या खोबणीत माती दडून बसते आणि ती दाताखाली आली की सगळ्या जेवणाचा विचका होतो. मग फडक्यावर पसरून पाणी टिपायचं आणि पान हातानंच फाडायचं. बीडला होम सायन्स शिकताना मी हे सगळं पाठ केलं होतं. तेव्हा ती भाजी मी फक्त चित्रात पाहिली होती, आणि हे ज्ञान गेवराई तालुक्यातल्या एका रानात, एका म्हाताऱ्याला छळायला उपयोगी पडेल असं कुणी शिकवलं नव्हतं.

लेट्यूस आमच्याकडं आलं ते आमच्या ह्यांच्यामुळं. माझ्या यजमानांना कुणीतरी सांगितलं की पुण्याच्या हॉटेलांना ही भाजी लागते, गाडी बांधावर येऊन माल उचलते. झालं. गव्हाच्या कडेला हिरवी जाळी उभी राहिली, गादीवाफे पडले, ठिबकच्या नळ्या आल्या, आणि थंडी पडली तशी पानं अशी काही तरारली की येणारा जाणारा थांबून बघायचा. गाडी मात्र आली नाही. ज्यानं सांगितलं होतं तो फोन उचलेना. माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, जाळीच्या दाराशी उभे राहून मुलाला म्हणाले, "कोबीचं पोरगं पैदा केलंस का बे? ना त्याला पोट, ना पाठ."

पहिल्या दिवशी मी त्या पानांची मेथीसारखी भाजी केली. सूपभर पानं कढईत घातली, लसणाची फोडणी, शेंगदाण्याचं कूट, वर झाकण. झाकण उघडलं तर तळाला हिरवट पाणी आणि त्यात पोहणाऱ्या चार चिंध्या. मामांनी कढईत डोकावून विचारलं, "ही भाजी हाय का पोतेरं पिळलंय?" उरलेली पानं गोठ्यात गेली. शेळीनं ती मान वर न करता खाल्ली. ते बघून मामा ओसरीवरून ओरडले, "आगं ए शेरडे, ये हिकडं, तुझं खानं आलंय बघ!"

हाक शेळीला नव्हती. माझ्या सासूला होती.

सासूला मी आत्या म्हणते, आमच्याकडची तशी रीत आहे. आत्या पदराला हात पुसत आल्या, एक गड्डा उचलून त्याचा देठ मोडला. देठातून पांढरा चीक आला. तो त्यांनी बोटावर घेतला, जिभेला लावला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आगं, ही तर पाथरीची भैन हाय."

पाथरी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही, तरी सांगते. काळ्या रानात, ज्वारीच्या ओळींमधून, जमिनीला चिकटून ती पसरते. पानाच्या कडांना दात्रे, मोडलं की चीक, चवीला कडसर. तिला कुणी पेरत नाही. खुरपताना बायका ती वेगळी काढून कमरेला खोचलेल्या पदराच्या ओट्यात टाकतात आणि दुपारी भाकरी सोडली की ठेच्याबरोबर कच्चीच खातात. पुरुषही खातात, पण त्यांचं जेवण तेवढ्यावर भागत नाही. बायकांचं कितीदा तरी भागलेलं असतं.

आत्यांना शेरडी हे नाव या पाथरीनंच मिळवून दिलं. मामा पहिल्यापासून पुढारी माणूस. पद कधी असायचं, कधी नसायचं, ओसरीवर माणसं मात्र कायम. गावात त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी रानात हुरडा ठेवला. नव्या नवरीनं सकाळपासून आगटीपाशी बसून धूर खाल्ला. पुरुषांची पंगत उठली तेव्हा भरताचं भांडं पुसलेलं होतं, दह्याचं गाडगं उपडं पडलं होतं, टोपल्यात नुसत्या भाकरी होत्या. भूक लागलेली पोर ती. ज्वारीत शिरली, ओटाभर पाथरी खुडून आणली आणि भाकरीबरोबर खात बसली. मामांनी ते पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा गड्यांनो, बायको म्हनून आनली आन् निघाली शेरडी!" एकानं हसत हसत पाल्याची पेंढी उचलून तिच्या पुढ्यात टाकली. दुसऱ्यानं बें बें केलं. मामा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. तिनं उठून पेंढी बैलापुढं टाकली, परत येऊन बसली आणि भाकरी संपवली.

ते नाव मग चिकटलंच. गावातली पोरंसुद्धा तोंडावर शेरडीकाकू म्हणायची आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा एका बाईनं मला कौतुकानं सांगितलं, तुझी सासू म्हणजे अण्णांची शेरडी गं, लई गरीब. चेष्टेची ही एक गंमत आहे. रोज केली की तिला कुणी चेष्टा म्हणत नाही, स्वभाव म्हणतात, आणि जिची करायची तिनं हसलं नाही तर तिचाच स्वभाव तिरसट ठरतो.

खरं नाव मला आत्यांनी स्वतः सांगितलं, त्या लेट्यूसच्या वाफ्यात बसून. लग्नात नवऱ्यानं बायकोचं नाव बदलायचं ही तेव्हाची रीत. माहेरी त्या मंजुळा. मामांना ते गावंढळ वाटलं, म्हणून त्यांनी आपल्या मनानं निवडून सत्यभामा ठेवलं. मांडवात उखाण्यात एकदा ते घेतलं, त्यानंतर कधीच नाही. आमच्याकडं जुन्या माणसांत नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत हे खरंच आहे. मीही आमचे हे म्हणतेच की. पण नाव न घेणं वेगळं आणि त्या जागेवर शेरडी आणून बांधणं वेगळं.

"म्हायेरचं नाव काढून घेतलं," आत्या गवत उपटत म्हणाल्या, "आन् सासरचं वापरलंच न्हाई. कोऱ्या लुगड्यावानी पेटीतच राह्यलं. मला दुसरं कायबी नगं. एकदा चारचौघात त्येंनी माझं नाव घ्यावं. ज्या मानसांम्होरं शेरडी म्हनले, त्याच मानसांम्होरं."

"मग सांगा ना त्यांना," मी म्हणाले.

"सांगीन की. येळ येऊ दे."

वेळ आली ती मामांच्या पायातून. नव्या चपलेनं अंगठा चावला, जखम झाली, जखम भरेना. गेवराईच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर बघून कपाळाला हात लावला. अंगठा वाचवायचा असेल तर तोंडावर ताबा ठेवा, म्हणाले. गूळ बंद, भाकरी मोजकी, गोळ्या वेळेवर, आणि ताटात निम्मी जागा हिरव्या पानांना, जमलं तर कच्च्या. "लेट्यूस मिळालं कुठं तर बघा," असं त्यांनी जाता जाता म्हटलं आणि आमच्या ह्यांची छाती फुगली. कुणीतरी त्यांच्या पिकाचं नाव आदरानं घेतलं होतं.

मामांना समजवायचं काम माझ्याकडं आलं. मी सांगितलं की या पानात बहुतेक पाणीच असतं, साखर नावापुरती, आणि चोथा असतो, म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं पण रक्तात साखर उसळत नाही. आतला पांढरट गड्डा दिसायला देखणा, पण सत्त्व बाहेरच्या गडद पानांत जास्त. डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व, रक्त गोठायला लागणारं के, फोलेट, सगळं तिथं. वरून चमचाभर तेल हवंच, कारण यातली काही जीवनसत्त्वं तेलाशिवाय अंगी लागत नाहीत. पानानं साखरेचा आजार जात नाही, गोळी सोडायची नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी आता मी पाला खायाचा." मी हो म्हणाले. आत्या चुलीपाशी होत्या, त्यांनी वळून पाहिलं नाही.

एकदा भाजीचं पाणी झालेलं पाहिल्यावर मी शहाणी झाले होते. पानं फाडून त्यावर लिंबू पिळायचं, जाडसर कूट घालायचं, मोहरी आणि हिरव्या मिरचीची फोडणी गार करून ओतायची, मीठ अगदी वाढताना. कधी दही आणि जवसाची चटणी घालून कोशिंबीर. कधी तापलेल्या लोखंडी तव्यावर लसणात नुसतं उलटंपालटं करून लगेच खाली. वरणात घालायचं तर वरण चुलीवरून उतरवल्यावर. आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे मोठ्या पानात चमचाभर झुणका ठेवून गुंडाळी करायची, भाकरीचा एक तुकडा तेवढाच वाचतो. आत्या हे सगळं माझ्याकडून नीट शिकून घेत होत्या. एक दिवस त्यांनी विचारलं, "सूनबाई, पानं आधी फाडून ठिवली तर?"

"नको. कडा लाल पडतात, मऊ होतात. मीठ लावून ठेवलं तर पाणी सुटतं."

"मंग त्येंचं ताट शेवटी," आत्या म्हणाल्या.

एवढंच. आणि त्या दिवसापासून ज्या घरात मामांच्या आधी कुणी घास उचलत नव्हतं, त्या घरात मामा शेवटी जेवू लागले. आधी कार्यकर्ते, मग मुलगा, मग आम्ही दोघी, आणि सगळ्यांचं आवरलं की आत्या पानं फाडायला बसायच्या. एकेक पान. मामा ओसरीवरून विचारायचे, "झालं का गं?" आत्या म्हणायच्या, "फाडतेय. ताजं पायजे ना."

रविवारी मटण व्हायचंच. ते बंद करायचं कारण काय, डॉक्टरांनी काही घरादाराला पाला सांगितला नव्हता. आत्या रस्सा असा करायच्या की वास बांधापर्यंत जावा. पाहुण्यांना वाढताना नेमकं मामांच्या समोरून पातेलं न्यायच्या. एकदा तरी वाटीभर दे म्हणून मामांनी हात पुढं केला, तर आत्यांनी त्या हातावर काकडीची फोड ठेवली. "अंगठा न्हाई का ऱ्हायला पायजे तुमचा?" बघणाऱ्यांना वाटायचं, केवढी सेवा करते बाई! आणि जखम खरंच भरत होती, त्यामुळं कुणाला तोंड उघडता येत नव्हतं. मला मजा येत होती. खोटं कशाला बोलू? मी रात्री ह्यांना सगळं साभिनय सांगायचे आणि हे म्हणायचे, पुरे आता, बाप आहे माझा. मी म्हणायचे, ती पण आई आहेच की तुमची, तिला शेरडी म्हणायचे तेव्हा कुठं गेलता?

आणि मग हुरडा आला. मामांनी दरवर्षीप्रमाणं माणसं बोलावली. त्यांना दाखवायचं होतं की अण्णा अजून खणखणीत आहेत. आगटी पेटली, कणसं निखाऱ्यात गेली, तीच जुनी माणसं, केस पांढरे झालेली, पोत्यांवर मांड्या घालून बसली. पेंढी टाकणारा त्यांत होता. बें बें करणारा दातांशिवाय हुरडा चघळत होता. गेवराईचे रहीमचाचा, फळवाले, मामांचे जुने दोस्त, दरवर्षीसारखी पेरूची टोपली घेऊन आले होते. आत्यांनी त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी ते पाहिलं आणि मला कळलं, आज ती वेळ आहे.

पाहुण्यांत एक नवं जोडपं होतं. त्या पोरीला सगळ्यांनी उखाणा घ्यायला लावला, मग पोराला लावला, हशा झाला, टाळ्या झाल्या. सगळ्यांचं खाणं झालं. शेवटी आत्या मामांचं ताट घेऊन आल्या. ताजी फाडलेली पानं, कूट, लिंबू, जवसाची चटणी आणि कडेला मूठभर हुरडा, डॉक्टरांनी तेवढी मुभा दिली होती. त्या मामांसमोर उभ्या राहिल्या. ताट खाली ठेवलं नाही.

"नाव घ्या," त्या म्हणाल्या. "मंग ताट."

"आता म्हातारपनी काय खूळ भरलंय?"

"खूळ न्हाई. नाव."

माणसं खूश झाली. घ्या अण्णा, घ्या, असा एकच गलका झाला. रहीमचाचा म्हणाले, "लेव ना अण्णा, भाभी का नाम. शरमाते कायको?" मामा हसले. भाषणाला उभं राहावं तसा त्यांनी घसा साफ केला, पोत्यावर सरळ बसले आणि हात वर करून म्हणाले, "काळ्या रानात ज्वारी, कनसाला आलाय दाना, आन् आमची..."

तिथं थांबले.

लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलेत, पुढारी माणूस, टाळीची वाट बघतोय. आधी मामांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं. मग डोळे हलायला लागले. त्यांनी मुलाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. तेव्हा मला कळलं. ते लाजत नव्हते. त्यांना नाव आठवत नव्हतं. गावातल्या प्रत्येक पोराचं, त्याच्या बापाचं, आजोबाचं नाव या माणसाला तोंडपाठ. बायका त्याच्या लेखी अमक्याची बायको आणि तमक्याची आई. आणि ही तर त्याची स्वतःची, हिला नाव कशाला लागतंय?

आत्यांना ते माझ्या आधी कळलं असावं. ताट धरलेले हात तेवढे खाली आले.

"बोला की अण्णा!" कुणीतरी ओरडलं.

"...शेरडी," मामा म्हणाले.

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. शोधून शोधून हाताला तेवढंच लागलं होतं, ते त्यांनी दिलं. पण ऐकणाऱ्यांना कुठं ठाऊक? जो हशा पिकला तो पहिल्या हुरड्यालाही पिकला नसेल. कुणी मांडीवर थापा मारल्या, बोळक्या म्हाताऱ्यानं पुन्हा बें बें केलं, रहीमचाचांनाही ठसका लागला. मामा एकटेच हसले नाहीत. आत्यांनी वाकून ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "खावा. पानं मरत्यात."

त्या दिवसापासून आत्यांनी ओ देणं बंद केलं. भांडण नाही, रुसवा नाही, ताट रोज तसंच, ताजं, निगुतीनं केलेलं. फक्त हाकेला उत्तर नाही. अगं ए नाही, ऐकलं का नाही, शेरडे तर नाहीच. पाणी हवं असेल तर मामांनी उठून यायचं. चष्मा सापडत नसेल तर उठून यायचं. त्यांच्या पायाला चालणं झालं, जखम बुजली, डॉक्टर म्हणाले, वा, घरी फारच छान काळजी घेतात तुमची. 

उन्हं तापायला लागली तसे लेट्यूसला दांडे फुटले. उष्णतेनं असं होतंच, मग पान कडू होतं. तो पाला काढून टाकायच्या आधी लसणात परतायला म्हणून मी हौदापाशी कोवळे दांडे सोलत होते, तर मामा आले. इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, तुझ्या आत्याचं नाव काय ठिवलं व्हतं गं मी?"

माझ्या जिभेवर होतं. एवढासा शब्द. दिला असता तर त्याच दिवशी सगळं मिटलं असतं. मी म्हणाले, "त्यांनाच विचारा, मामा."

ते तसेच मागं वळले. मुलाला विचारता आलं असतं, पण बापाला आईचं नाव माहीत नाही हे मुलाला कसं कळू द्यायचं? कागदपत्रांत बघता आलं असतं, पण कपाटाची किल्ली आत्यांच्या कमरेला. एकदा त्यांनी अंदाजानं हाक मारूनही पाहिली, गयाबाई म्हणून. ते त्यांच्या वारलेल्या बहिणीचं नाव होतं. आत्या त्या दिवशी वाफ्यात जाऊन बसल्या त्या अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत. मला मामांची कीव येते, नाही असं नाही. पण आत्यांचा चेहरा आठवला की जीभ आपोआप आवळली जाते. आणि खरं म्हणजे ते नाव माझं नाही, मी कोण ते वाटणारी?

यंदा जाळीत पुन्हा लेट्यूस लावलंय, घरापुरतंच. शेजारी आत्यांनी मुद्दाम पाथरी राहू दिली आहे. सकाळी धुऊन ठेवलेली पानं घेऊन मी दुपारी आत आले तेव्हा आमची सगळ्यांची जेवणं उरकली होती. आत्या पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात मामांचं रिकामं ताट. ओसरीवरून हाक आली नाही, आता येतच नाही. पावलं आली. मामा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले, चौकटीला हात धरून.

आत्यांनी मान वर केली नाही. रोज विचारतात तसं त्यांनी आजही विचारलं, "कोन पायजे?"

मामांनी तोंड उघडलं. मी पानांची परडी हातात धरून उभीच होते. त्यांची नजर माझ्याकडं आली आणि मी खाली बघितलं.

"जेवायला पायजे," मामा म्हणाले.

तेव्हा कुठं आत्यांनी परडीतलं पहिलं पान उचललं आणि सावकाश फाडायला घेतलं.